आठवा माग

शेजारच्या परसात दोन माणसं भांडताहेत, असं मला आधी वाटलं. सकाळचे नऊ वाजले असतील. मुलीच्या घराच्या मागच्या दारात मी चहाचा कप घेऊन उभा होतो. कमरेएवढ्या दगडी भिंतीपलीकडं एक म्हातारबुवा हातात खुरपं धरून उभे, आणि त्यांच्यासमोर चाळिशीतला एक गडी मोटारीची किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत होता. आवाज चढायचे, उतरायचे, मधेच दोघंही गप्प होऊन ढगांकडं बघायचे. इंग्रजी माझ्या कानाला अनोळखी नाही, पण हे इंग्रजी निराळंच होतं. शब्दांचे शेवट गिळलेले, मधले स्वर ताणलेले. कळत काहीच नव्हतं. एक शब्द तेवढा दर वाक्याला येत होता : डाइच. बांधावरचं भांडण असावं आणि डाइच हा वाटणीतला तिसरा भाऊ, अशी जुळणी मी मनाशी करून टाकली.

संध्याकाळी मुलगी इस्पितळातून आल्यावर तिला विचारलं. ती हसत सुटली. "बाबा, डाइच त्यांचा कुणी नाही. फुटबॉलच्या टीमचा मॅनेजर आहे. त्याला ठेवायचं की काढायचं, यावर सासरे-जावई रोज भांडतात. सगळं गावच भांडतंय सध्या."

ते गाव म्हणजे बर्नली. 2022 च्या मार्चअखेरीस मी तिथं पोचलो होतो. उत्तर इंग्लंडमधलं, लँकेशरच्या पूर्वेकडचं, इचलकरंजीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं गाव. इचलकरंजीशी तुलना करायचं कारण मी तिथला. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. लहानपणापासून हे वाक्य इतक्या भाषणांत ऐकलं होतं, की मँचेस्टर हे गाव नसून पदवी आहे असं वाटायचं. आणि आता मी खऱ्या मँचेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर, एके काळी जगभर कापड पाठवणाऱ्या गावात येऊन राहिलो होतो. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठानं सकाळी फिरायला जायचो. दोन्ही बाजूंना गिरण्यांच्या काळपट दगडी भिंती, एखादं धुरांडं, वर पेंडल टेकडीची पालथी झोपल्यासारखी पाठ. पाणी संथ. सगळं स्वच्छ, शांत. मला ती शांतताच खुपायची. सुताच्या गावात इतकी शांतता बरी नव्हे. आमच्याकडं वीज गेली की अशी शांतता पडायची आणि सगळं घर दचकून जागं व्हायचं.

आपल्याकडं मॅनेजर म्हटलं की बँकेतला, नाहीतर लॉजवरचा. इंग्लंडातला फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे वेगळंच प्रकरण. खेळाडू निवडणं, डावपेच ठरवणं, कोण कुठं धावेल हे सांगणं, हरल्यावर पत्रकारांसमोर उभं राहणं, सगळं त्याच्याकडं. आमच्या कारखान्यांत दोन माणसं असायची. दिवाणजी हिशेब बघायचा, मजुरी वाटायचा. आणि जॉबर माग बघायचा. हा मॅनेजर म्हणजे बराचसा जॉबर आणि थोडासा दिवाणजी. मालक तिसरेच. बर्नलीचे मालक तर 2020 च्या डिसेंबरपासून अमेरिकेतले.

शॉन डाइच 2012 च्या ऑक्टोबरात आला. 2014 मध्ये त्यानं टीम प्रीमियर लीगमध्ये नेली. 2015 मध्ये ती खाली आली, तरी क्लबनं त्याला हलवलं नाही, आणि पुढच्याच वर्षी तो खालची स्पर्धा जिंकून परत वर आला. 2018 मध्ये टीम सातवी आली आणि 51 वर्षांनी युरोपच्या स्पर्धेत खेळायला मिळालं. गावातल्या एका पबनं आपलं नाव बदलून 'रॉयल डाइच' ठेवलं. पाटीवर त्याचं चित्र. पंचगंगेच्या काठी असं झालं असतं तर निदान एक चौक आणि एक वाढदिवसाचा फलक त्याच्या वाट्याला आला असता. पण 2022 च्या एप्रिलात हिशेब असा होता : 28 सामने, 3 विजय. खालून दुसरा नंबर. शेवटचे तीन खालच्या वर्गात ढकलले जातात.

म्हातारबुवांची आणि माझी ओळख भिंतीवरूनच वाढली. त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं, माझं त्यांना पाव. एक दिवस मी हातानं धोटा फेकल्याची खूण करून सांगितलं, आमच्या घरी माग होते. ते खुरपं टाकून भिंतीपाशी आले. ते टॅकलर होते. मुलीनं नंतर समजावलं : फुटबॉलमधला टॅकल नव्हे, इथल्या गिरण्यांत माग दुरुस्त करणाऱ्याला टॅकलर म्हणत. म्हणजे जॉबर. मी त्यांचा हात हातात घेतला. उजव्या हाताचं मधलं बोट टोकाशी किंचित वाकडं होतं. अशी बोटं मी ओळखतो.

6 एप्रिलला बुधवारी रात्री सामना होता, एव्हर्टनशी. म्हातारबुवांच्या जावयाला काम निघालं आणि त्याचं तिकीट माझ्याकडं आलं. टर्फ मूर हे मैदान 1883 पासून क्लबकडं आहे. दगडी चाळींच्या रांगा उतरत येतात आणि घरांच्या मधेच दिव्यांचे खांब दिसायला लागतात. एका अंगाला चक्क क्रिकेटचं मैदान. मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. मामा शिवाजी पेठेत राहायचा. सुट्टीत एसटीनं जाऊन त्याच्याबरोबर दगडी पायऱ्यांवर बसून पाहिलेल्या मॅचेस. एका तालमीची टीम हरली की त्या पेठेत रात्री जेवण उशिरा व्हायचं, कारण कट्ट्यावरून कुणी उठायचंच नाही. कुणाला आत घ्यायला नको होतं, कुणाला बाहेर काढायला हवं होतं. सगळ्यांना सगळं माहीत असायचं. मामा म्हणायचा, "मैदानात अकरा जण, पायरीवर दहा हजार दिवाणजी."

टर्फ मूरवर तसंच होतं, फक्त थंडी जास्त. बर्नलीनं पहिला गोल केला, मग एव्हर्टनला दोन पेनल्टी मिळाल्या आणि मध्यंतराला 1-2. म्हातारबुवांनी माझ्या हातात एक वाफाळता पेला दिला. बेनेडिक्टिन नावाची फ्रेंच गोड दारू, गरम पाणी घालून. पहिल्या महायुद्धात नॉर्मंडीत राहिलेले लँकेशरचे सैनिक ही चव घेऊन घरी आले, आणि तेव्हापासून ती या मैदानावर टिकून आहे. मी एक घोट घेतला; ओव्याचा काढा आणि पाक यांच्या मधलं काहीतरी. आजूबाजूला मात्र गोड काही नव्हतं. पुढच्या रांगेतली एक बाई मागं वळून कुणाला तरी सांगत होती, याला डिसेंबरातच काढायला हवं होतं. तिच्या शेजारचा पोरगा मान हलवत होता. म्हातारबुवा गप्प. उत्तरार्धात गावचाच पोरगा जे रॉड्रिगेझ यानं बरोबरी केली आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना मॅक्सवेल कॉर्नेनं तिसरा गोल मारला. ती पुढची बाई अशी उडाली की तिचा मफलर माझ्या मांडीवर येऊन पडला. मग सगळ्यांनी मिळून त्याच डाइचचं नाव घेऊन गाणं म्हटलं. बाईसुद्धा म्हणत होती. मला त्यात विसंगती वाटली नाही. घरातल्या माणसाबद्दल आपण असंच बोलतो.

चार दिवसांनी, रविवारी, तळाशी असलेल्या नॉर्विचकडून टीम 2-0 हरली. 15 एप्रिलला, गुड फ्रायडेच्या सुट्टीत, डाइचला काढलं. 8 सामने उरले होते. प्रीमियर लीगमधला त्या वेळचा सगळ्यांत जुना मॅनेजर होता तो.

त्या दिवशी भिंतीपलीकडं आवाज नव्हता. जावई आला होता, पण दोघं खुर्च्या टाकून नुसते बसले होते. मला वाटलं होतं, जावई जिंकल्यासारखा वागेल. तो म्हणाला ते मला मुलीनं सांगितलं : त्यानं आपल्याला इथवर आणलं. गंमत म्हणजे सासरे इतके दिवस हेच वाक्य म्हणत होते. फक्त ते या वाक्याला पूर्णविराम द्यायचे, आणि जावई 'पण' लावायचा. आज त्याच्याकडंही 'पण' नव्हता.

अशा वादाला जुन्या पोथ्या लागतात, आणि त्या दोन्हीकडं भरपूर असतात. ठेवा म्हणणारे फर्ग्युसनचं नाव काढतात. 1989 च्या डिसेंबरात मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर एकानं चादरीवर रंगवून आणलं होतं, तीन वर्षं नुसत्या सबबी झाल्या, आता निघा. जानेवारीत नॉटिंगहॅमच्या मैदानावर मार्क रॉबिन्सनं एक गोल केला, कपची स्पर्धा हातात राहिली, मे महिन्यात कप आला, आणि फर्ग्युसन 2013 पर्यंत राहिला. काढा म्हणणारे लेस्टरचं सांगतात. रानिएरीनं 2016 मध्ये कुणाच्या स्वप्नात नसलेलं विजेतेपद आणलं. नऊ महिन्यांनी, टीम घसरली म्हणून, त्याला काढलं. लोक हळहळले. पुढचे लीगमधले पाच सामने टीम सलग जिंकली. प्रत्येक पोथीत शेवट माहीत असतो, म्हणून ती वाचायला सोपी. आपण ज्या पानावर असतो, त्याच्या पुढची पानं कोरी असतात ही खरी अडचण.

म्हातारबुवांची पोथी मात्र वेगळी होती. ती 1987 ची. हाच क्लब, 1888 साली लीग सुरू झाली तेव्हाच्या बारांपैकी एक, 1921 आणि 1960 चा विजेता, त्या वर्षी चौथ्या वर्गाच्या तळाला जाऊन पोचला होता. 9 मे 1987. ओरिएंटला हरवलं नाही तर लीगमधूनच बाहेर. बर्नली 2-1 नं जिंकलं आणि वाचलं. त्या दिवशी मॅनेजर होता ब्रायन मिलर, 1960 च्या विजेत्या टीममधला खेळाडू. शिखरावर जो होता, तोच दरीच्या काठाशी उभा. हे सांगताना म्हातारबुवा आवाज करत नव्हते, नुसते ओठ मोठे मोठे हलवत होते. मागांच्या खडखडाटात बोलायची ती इथली जुनी रीत. शब्द कानानं नव्हे, डोळ्यांनी ऐकायचा. आमच्या शेडमध्ये बायका कांड्या भरताना असंच बोलायच्या. मला ते सगळं वाक्य कळलं. महिनाभरात पहिल्यांदा पूर्ण कळलेलं वाक्य.

आता जॉबरमामांचं सांगायला हवं.

आमच्याकडं सोळा माग होते. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मिळायची ती मजुरी. जॉबरमामा आबांच्या सुरुवातीपासूनचे. पहिलं बीम त्यांनीच चढवलेलं. शेडच्या दारात उभं राहून ते डोळे मिटायचे. सोळा माग एकदम चालू असताना माझ्यासारख्याला तो एकच आवाज वाटायचा, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मामा त्यातून वेगळं काढायचे. "आठवा बोलतोय," म्हणायचे, आणि पान्हा घेऊन सरळ आठव्या मागाकडं चालू लागायचे. दहा मिनिटांत आठवा गप्प. म्हणजे चालू, पण गप्प. त्यांच्या लेखी नीट चालणारा माग आवाज करत नसे.

मग एका वर्षी माल डागी यायला लागला. व्यापारी ठाण उलगडून बोट ठेवायचा आणि मजुरीतून कापायचा. एक महिना, दोन महिने, सहा महिने. रात्री जेवणं झाली की सोप्यात बैठक बसायची. काका म्हणायचे, मामांचं आता वय झालं, हात कापतो, कान गेलाय. आई म्हणायची, सूत तरी कुठं धड येतंय? काका म्हणायचे, सूत बदलणं आपल्या हातात आहे का? वीज बदलता येते का? व्यापारी? मग हातात काय आहे? आणि सगळे गप्प बसायचे, कारण हातात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. मामा तेव्हा शेडमध्ये असायचे, मधे एक भिंत. भिंतीतून मागांचा आवाज येत राहायचा.

एका रात्री आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी 22-23 वर्षांचा, कॉलेज संपवून आलेला. "तुझं काय म्हणणं?" आजवर मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बदलून बघू."

हा शब्द मी पुढं पुष्कळदा घोळवला. बदलून बघू. आपण भाजीचं तेल बदलून बघतो, डॉक्टर बदलून बघतो. बघणारा आपण असतो, म्हणून तो शब्द हलका लागतो. मामांनी ऐकून घेतलं, पान्हा कोनाड्यात ठेवला, आईनं दिलेला चहा प्यायले. "आठव्याकडं लक्ष ठेवा" एवढंच म्हणाले.

नवा जॉबर आला. पहिला महिना माल असा निघाला की व्यापाऱ्यानं एक पैसा कापला नाही. काका माझ्या पाठीवर थाप मारायचे. मला आनंद व्हायचा आणि लगेच मामा ज्या रस्त्यानं घरी जायचे तो रस्ता मी टाळायचो. तिसऱ्या महिन्यात डाग परत आले. दोन वर्षांनी सोळाच्या सोळा माग भंगारात वजनावर गेले. मामा चुकत होते का? सूत वाईट होतं का? मामा असते तर आणखी दोन वर्षं चाललं असतं का? याचा माग काढायला आता माग उरलेले नाहीत.

म्हणून बर्नलीत एप्रिल संपत आला तेव्हा मी म्हातारबुवांकडं जरा जास्तच निरखून पाहत होतो. डाइचच्या जागी क्लबमधल्याच माइक जॅक्सनला तात्पुरतं नेमलं होतं. पहिल्या चार सामन्यांत 10 गुण. टीम तळातून वर आली. प्रत्येक रविवारी जावई सासऱ्यांना काही न बोलता चहा करून द्यायचा, हे त्याचं मोठेपण. आणि म्हातारबुवा? टीम जिंकली की त्यांच्या चेहऱ्यावर आनंद यायचा, मग कशाची तरी आठवण झाल्यासारखा थांबायचा. आपली टीम जिंकावी आणि आपण चुकीचं ठरावं, असा आनंद कसा साजरा करतात? मला थोडंफार ठाऊक होतं, पण भाषेअभावी सांगता आलं नाही.

मे महिन्यात पुन्हा हार. 22 मे, शेवटचा सामना, न्यूकॅसलकडून 1-2. बर्नली खाली गेली. डाइच असता तर वाचली असती का? आधीच काढला असता तर? दोघांपैकी कुणीच जिंकलं नाही, आणि म्हणून वाद संपण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढचं मला इकडं आल्यावर मुलीकडून फोनवर कळत राहिलं. नवा मॅनेजर कोंपनी पहिल्याच वर्षी 101 गुण काढून टीमला वर घेऊन गेला, 2024 मध्ये पुन्हा खाली घेऊन आला, आणि त्याच उन्हाळ्यात जर्मनीतल्या बायर्न म्युनिकनं त्याला बोलावून नेलं. ज्याची टीम बुडाली त्याला एवढ्या मोठ्या दारातून आमंत्रण! मुलगी म्हणाली, शेजारी यावर आता दोन तास चालतं. म्हातारबुवांना बरं वाटत असणार.

पण मला आठवते ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. म्हातारबुवा मला क्वीन स्ट्रीट मिल दाखवायला घेऊन गेले. वाफेवर चालणारी ही विणकामाची गिरणी 1982 मध्ये बंद झाली; आता ती संग्रहालय आहे. वाफेच्या इंजिनाचं नाव 'पीस', शांतता. असं नाव ठेवणाऱ्यांना विनोदाची जाण असावी, असं मला वाटलं. म्हातारबुवांनी सांगितलं, महायुद्ध संपल्याच्या आनंदात ठेवलं होतं. विणकामाच्या शेडमध्ये काचेच्या उतरत्या छपराखाली मागांच्या रांगाच रांगा, शेकड्यांनी. सगळे थांबलेले. तेलाचा आणि सुताच्या पिंजाचा तो वास. मी एका मागाच्या सांगाड्यावर हात ठेवला, तो उगाचच गार लागला.

दाखवण्यापुरते काही माग चालू करतात. गाइडनं सगळ्यांना जरा मागं सरायला सांगितलं आणि कळ ओढली. धोटे पळायला लागले. आणि पत्र्यावर पाऊस पडायला लागला. आजूबाजूच्या पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. आम्ही दोघांनी नाही ठेवले. मी नकळत डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या आवाजात काहीतरी खटकलं. एक ठोका, किंचित मागं. कुणीतरी बोलत होतं.

मी डोळे उघडले तर म्हातारबुवा माझ्याकडंच बघत होते. त्यांनाही ऐकू आलं होतं. त्यांनी वाकड्या बोटानं डावीकडच्या एका मागाकडं खूण केली, आणि भुवया उंचावल्या.

मी मान हलवली, नाही म्हणून. आणि उजवीकडच्या, भिंतीलगतच्या मागाकडं बोट दाखवलं.